सिमेंट भरलेली जावा

१

मे महिन्यात कारखान्याचं धुराडं थंड पडलं की आम्हा फिटर लोकांचं खरं काम सुरू होतं. हंगामभर रात्रंदिवस फिरलेली यंत्रं उघडायची, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं, ग्रीस भरून पुन्हा आवळायचं. माळेगावच्या साखर कारखान्यात मी तेरा वर्षं हेच करत होतो. सकाळी सातच्या एस.टी.नं पिंपळीहून निघायचं, संध्याकाळी सहाला घरी. रविवार आणि अधूनमधून मिळणारी बदली सुट्टी, एवढाच काय तो मोकळा वेळ.

ही १९९६ सालची गोष्ट. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात माझे वडील गेले. धोंडीबा गुरुजी. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर आजोबांनी घरातले देव नीरा नदीत सोडले तेव्हा बाबा विशीत होते. त्या दिवसापासून भूत, भानामती, देवऋषी यातलं काहीही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. लहानपणी मी कशाला घाबरलो तर ते मला जवळ घ्यायचे नाहीत. कंदील हातात द्यायचे. "आवाज आला ना? मग कशाचा हाय ते बघून ये आणि मला सांग."

मी बघून यायचो. कधी मांजर असायचं, कधी सुटलेला पत्रा. कारण सापडलं नाही, असं कधी झालं नाही.

बाबांकडं जावा होती. सदुसष्ट साली घेतलेली, लाल टाकीची. आमच्या वस्तीतली पहिली मोटरसायकल. बाबा तिच्यावरून अंथुर्ण्याला जायचे, यायचे, आणि संध्याकाळी कालव्याकडून तिचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. मी टाकीवर पुढं बसून फिरलेला आहे. मग मी चौदा वर्षांचा असताना एक दिवस गाडी मागच्या खोलीत गेली आणि खोलीला कुलूप लागलं. बाबा एस.टी.नं जायला लागले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पेट्रोल महागलं." ते खरंच महागलं होतं, त्यामुळं मी पुन्हा विचारलं नाही.

बाबांच्या माघारी पहिलाच हंगाम संपला आणि मी आईकडं किल्ली मागितली.

"गंजल्यालं लोखंड हाय ते," आई म्हणाली. "भंगारवाल्याला दे."

"बघू तरी."

आईनं किल्ली दिली, पण हातात दिली नाही. चुलीशेजारी जमिनीवर ठेवली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

२

खोली उघडली तेव्हा बावीस वर्षांची धूळ होती. शाळेच्या जुन्या वह्या, फुटकी घागर, आणि मधोमध विटांवर चढवलेली गाडी. तोंड भिंतीकडं. दोन्ही चाकं काढून वर आढ्याला तारेनं टांगलेली. त्यात मला नवल वाटलं नाही. गाडी बराच काळ ठेवायची तर टायर उचलून ठेवतात, तेवढं बाबांना कळत होतं.

नवल वाटलं ते सायलेन्सर बघून. जावाला दोन सायलेन्सर असतात. दोन्हींच्या तोंडात सिमेंट भरलं होतं. नुसतं कोंबलेलं नाही. आत काडीनं ठासून, वरून थापीनं गुळगुळीत करून, ओटा करताना करतात तसं. प्लग काढून त्या जागी लोखंडी बोल्ट ठोकला होता आणि त्याचं डोकं कापून टाकलं होतं, म्हणजे कुणाला तो पान्यानं फिरवता येऊ नये.

करुणा, माझी बायको, दारात उभी राहून बघत होती. ती गावच्या अंगणवाडीत होती आणि तिला अशा गोष्टींचं हसू यायचं.

"उंदीर शिरू नयेत म्हणून केलं असेल," ती म्हणाली.

"उंदरासाठी चिंधी पुरते."

"गुरुजींचं काम. चिंधीवर भागवतील होय?"

मी पण हसलो. पण ते काम करणारा माणूस घाईत नव्हता, एवढं मला दिसत होतं. मी स्वतः फिटर आहे. यंत्र ठेवून देणं वेगळं आणि यंत्र पुन्हा कधीच चालू होणार नाही अशी तजवीज करणं वेगळं.

पुढचे दीड-दोन महिने मी रविवारी तेच करत होतो. बोल्ट ड्रिलनं पोखरून काढला. पिस्टन गंजून जाम धरला होता. भोकातून डिझेल आणि तेल ओतून आठ दिवस ठेवलं, तेव्हा हलला. टाकीत खडी घालून ती हलवून हलवून गंज काढला. कार्बोरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला, सहा व्होल्टची बॅटरी पुण्याहून मागवली. सायलेन्सरमधलं सिमेंट काही निघेना, म्हणून बारामतीच्या एका भंगारवाल्याकडून जुने दोन आणून बसवले. चाकं तेवढी राहिली, कारण टायर मिळत नव्हते.

आई एकदाही त्या खोलीकडं आली नाही. मी जेवायला गेलो की विचारायची, "झाली का रं?"

"न्हाय अजून."

"बरं," म्हणायची.

३

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी गाडी चालू झाली. विटांवरच, चाकांशिवाय. तेल मिसळलेलं पेट्रोल टाकलं, किक मारली. बारा-तेरा किका मारल्या असतील. आधी नुसता निळा धूर आला, मग एक ठोका, मग दोन, आणि मग सलग. खोलीभर तो आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो.

करुणा धावत आली. टाळ्या वाजवल्या तिनं. मी मूठ पिळत होतो, सोडत होतो, पोरासारखा. पाच-सात मिनिटं चालवली. मग इंजीन तापू नये म्हणून किल्ली फिरवली.

गाडी बंद झाली आणि आवाज चालू राहिला.

बाहेरून येत होता. लांबून, कालव्याच्या बाजूनं. तसाच ठोका, तोच वेग. आणि मग तोही बंद झाला.

"अजून कुणाची तरी आहे वाटतं," करुणा म्हणाली.

"असेल."

स्वयंपाकघरात गेलो तर तव्यावर भाकरी करपत होती आणि आई तव्याकडं बघत बसली होती.

"आई, चालू झाली."

"ऐकलं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "दोन्ही ऐकल्या."

४

हा प्रतिध्वनी आहे हे मी त्याच दुपारी ठरवलं. कालव्यावरच्या पुलाला दगडी भिंत आहे. आवाज तिथं आपटतो आणि परत येतो. पुढच्या रविवारी मी हातातलं घड्याळ समोर धरलं. गाडी चालू केली, दहा मिनिटं कार्बोरेटरची सेटिंग केली, किल्ली फिरवली आणि सेकंद मोजले.

चार.

शाळेत बाबांनीच शिकवलेलं गणित. आवाज सेकंदाला तीनशे तीस मीटर जातो. दोन सेकंद जायला, दोन यायला. म्हणजे साडेसहाशे मीटर. आमच्या घरापासून पूल बरोबर तेवढाच आहे. इतकं नेमकं उत्तर आलं की मला बाबांना सांगावंसं वाटलं.

खातरजमा म्हणून पुन्हा चालू केली, वीस मिनिटं चालवली, पुन्हा बंद केली.

तीन.

माझं मोजणं चुकलं असेल म्हणून मी आणखी एकदा केलं. या वेळी तिनाच्या आतच. भिंत तर हलत नाही. वारा? वाऱ्यानं सेकंदभराचा फरक पडत नाही, पण मी वाराच म्हणालो. माणूस असं काहीतरी म्हणतोच.

मग मी एक केलं, जे करायला नको होतं. गाडी चालू ठेवली, मूठ एकाच जागी धरली आणि खोलीच्या बाहेर कान दिला. माझी गाडी विटांवर होती, चाकं नव्हती, न्यूट्रलमध्ये होती. एका सुरात चालली होती.

कालव्याकडची गाडी एका सुरात नव्हती. ती आवाज वाढवत होती, मग क्षणभर पडत होती, मग खालच्या सुरात पुन्हा धरत होती.

ती गिअर बदलत होती.

५

त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी एस.टी.तून उतरलो तर फाट्यावर हिंदुराव आबा भेटले. कालव्याचे पाटकरी, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारे. पुलाशेजारी त्यांची चौकी आहे. बाबांच्या वयाचे, बाबांना मान देणारे.

"भूषणराव, रागावलाय का आमच्यावर?"

"का हो आबा?"

"काल सकाळी धा वाजता तुमी पुलाच्या अलीकडं गाडी लावून बसला हुता. गुरुजींचीच गाडी न्हवं ती? लाल? मी म्हनलं, वा, चालू केली पोरानं. दोन हाका मारल्या. वळला न्हाय तुमी."

"आबा, काल सकाळी मी कारखान्यात होतो. आणि गाडीला अजून चाकं नाहीत."

हिंदुराव आबांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हातारा चेष्टा करणाऱ्यातला नव्हता.

"कारखान्याचा निळा शर्ट हुता," ते म्हणाले. "पाठ तर तुमचीच. एक खांदा खाली. गाडी बंद हुती आन् तुमी नुसतं बसून. तुमच्या घराकडं तोंड करून."

"मग गेला कुठं तो?"

"मी कालव्याचं दार खाली करायला चार पावलं गेलो, परत बघतो तर न्हाय. पन गाडी चालू केल्याचा आवाज काय आला न्हाय मला." त्यांनी टोपी सारखी केली. "डोळं गेलं माझं आता. सोडा."

घरी येऊन मी आरशात बघितलं. माझा उजवा खांदा खाली आहे. तेरा वर्षं जड पाने उचलून झालाय. मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

६

ऑगस्ट सरता सरता टायर आले. मी चाकं बसवली. आता तुम्ही विचाराल, का बसवली? मला वाटलं, थांबलो तर मी मानलं असं होईल. ज्या घरात कंदील हातात देऊन बाहेर पाठवायचे, त्या घरात मी वाढलो होतो.

पुढच्या रविवारी दुपारी गाडी मागच्या अंगणात काढली. चालू केली आणि क्लच बघत बसलो. प्लेटा चिकटत होत्या. सुटेपर्यंत अर्धा तास गाडी चालूच होती आणि तिच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नव्हतं. मग मी किल्ली फिरवली.

सेकंद मोजायची वेळच आली नाही. माझी गाडी थांबली आणि अंगणाच्या भिंतीपलीकडं, बोराटीच्या झुडपापाशी, दुसरी थांबली. इंजीन थंड होताना पत्रा जसा टिक् टिक् वाजतो, तसा आवाज येत होता. माझ्या गाडीचा येत होता. आणि भिंतीपलीकडून येत होता.

भिंत माझ्या छातीएवढी. दोन पावलं टाकून बघता आलं असतं. मी बाबांचा मुलगा, आणि मी बघितलं नाही. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आत ये," ती म्हणाली. हळू, झोपलेल्या मुलाशेजारी बोलावं तसं.

आत गेल्यावर तिनं दार लावलं आणि पाटावर बसली. बावीस वर्षं न सांगितलेली गोष्ट तिनं दोन मिनिटांत सांगितली.

"पैल्यांदा त्यास्नी अंथुर्न्यात आली ऐकू. शाळेच्या मागं. मग रोज थोडी थोडी अलीकडं. गाडी चालू आसली की ती येती. बंद केली की हाय तितं ऱ्हाती. त्यांनी कारन लई शोधलं. वहीत लिवून ठिवायचे, आज हितं, उद्या तितं. मग एक दिस पुलाजवळ आली. त्या दिशी त्यांनी वळून बघितलं."

"काय दिसलं?"

"त्ये मला सांगितलं न्हाय. घरी आले, वही चुलीत घातली, आन् सिमेंट आनाय गेले. मला एवढंच म्हनले, मागं बगायचं न्हाय."

"मग तू मला आधी का नाही सांगितलंस?"

आईला खरोखर लाज वाटली. "गुरुजींच्या घरात आसलं बोलायचं कसं रं?"

मी त्याच संध्याकाळी प्लग काढला आणि कपाटात टाकला. गाडी खोलीत ढकलली, कुलूप घातलं. बावीस वर्षं ती दुसरी पुलाशी उभी होती. मी सहा आठवड्यांत तिला अंगणाच्या भिंतीपर्यंत आणलं होतं.

७

सप्टेंबर असाच गेला. आम्ही मागचं अंगण वापरायचं सोडलं. करुणाला मी सगळं सांगितलं होतं. ती हसली नाही. एकदा फक्त म्हणाली, "विकून टाकू." पण विकणार कुणाला, आणि घेणाऱ्यानं चालू केली तर?

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मला बदली सुट्टी होती. बारामतीचा बाजार गुरुवारी, त्यामुळं गावात एक जीप नव्हती की टेम्पो नव्हता. दुपारी बाराला आई चुलीपुढून उठली आणि तिथंच बसली. चेहरा राखेसारखा झाला. अंगाला घाम. डावा हात धरून म्हणाली, "भूषण, छातीवर कुनीतरी बसलंय बग."

करुणा रस्त्यावर धावली. परत आली. "काहीच नाही. एस.टी. दीड तासानं. ट्रॅक्टर आहे वरच्या आळीत, पण ड्रायव्हर बाजारला गेलाय."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मी कपाटातून प्लग काढला.

प्लग बसवताना पाना दोनदा निसटला. करुणानं आईला धरून माझ्या मागं बसवलं आणि आईचंच एक हिरवं जुनं लुगडं घेऊन तिच्या पाठीवरून माझ्या पोटावर आणलं, दोन गाठी मारल्या. आईचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. ती कण्हत होती.

"मी मिळेल त्या गाडीनं येते," करुणा म्हणाली. "जा. आणि अहो..."

"नाही बघत," मी म्हणालो.

पहिल्या किकेला गाडी चालू झाली. भिंतीपलीकडं दुसरीही चालू झाली. आता मधे अंतरच नव्हतं. करुणानं दोन्ही हात तोंडावर धरले. तिनं त्या बाजूला बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी फाटकातून बाहेर पडलो.

८

हमरस्त्यावर बाजाराची बैलगाड्यांची गर्दी असणार, म्हणून मी कालव्याच्या कडेचा रस्ता धरला. एका बाजूला ऊस, पुरुषभर उंच. दुसऱ्या बाजूला पाणी. कच्चा रस्ता, एका गाडीपुरता. भर दुपार, ऊन एवढं की उसाच्या पानांवर डोळे ठरत नव्हते.

ती दुसरी गाडी मागं होती. मी दुसऱ्यात टाकली की ती दुसऱ्यात. मी तिसऱ्यात, ती तिसऱ्यात. खड्डा आला की मी आवाज कमी करायचो, क्षणानं ती. आईचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी तिच्याशी बोलत होतो. "आलंच बघ आई. आलंच. पूल गेला. चौकी गेली."

आई एकदाच बोलली. मला म्हणून बोलली असं वाटलं.

"हळू घे की रं."

"हळू कशी घेऊ?" मी ओरडलो.

आणि मग आवाज मागं राहिला नाही. तो उजवीकडं आला.

उजवीकडं रस्ता नव्हता. उजवीकडं पाणी होतं. मी मान वळवली नाही, समोर बघत राहिलो, पण डोळ्याच्या कडेला जे येतं ते बंद करता येत नाही. हँडल दिसलं. मुठीवरचा हात दिसला. नखांत काळं ग्रीस. मनगटावर घड्याळ, पट्टा एका भोकाजवळ फाटलेला. मी माझ्या पट्ट्याकडं बघितलं. तो तिथंच फाटलेला आहे.

मग ती गाडी पुढं गेली. सरळ माझ्यापुढं रस्त्यावर आली आणि मला तिची पाठ दिसली. निळा शर्ट. उजवा खांदा खाली. कमरेला हिरवं लुगडं बांधलेलं, आणि त्याच्या पाठीवर गाल टेकून, डोळे मिटून, माझी आई.

माझ्या पाठीला वारा लागत होता. गार वारा, घामावर. मी एक हात सोडून पोटावर नेला. गाठी होत्या. दोन्ही, करुणानं मारलेल्या, घट्ट. लुगडं माझ्या कमरेभोवती होतं आणि मागं त्याचा नुसता फासा हेलकावे खात होता, रिकामा.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. मी मूठ पूर्ण पिळली. ते अंतर कमी होईना. पुढच्यानं गिअर बदलला की मग मी बदलत होतो. खड्ड्यापाशी त्यानं आवाज कमी केला, क्षणानं मी केला. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा वाटलं, कालव्यात उडी मारावी. पण पुढं आई होती. मी तिच्या मागं जात राहिलो.

वळणावर उसाआड ते दिसेनासे झाले. मग आवाजही गेला. मी बारामतीत कसा पोचलो, कुठून वळलो, मला सांगता येणार नाही.

९

दवाखान्याच्या आवारात मी गाडी टाकून दिली आणि धावत आत गेलो. काउंटरवर एक पोक्त नर्स होत्या. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "आणलीत?"

"काय?"

"औषधं. चिठ्ठी दिली ना तुम्हाला."

"माझी आई... ताईबाई नाव आहे. म्हातारी बाई, छातीत..."

"अहो, वरच्या वॉर्डात आहेत तुमच्या आई. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय. वेळेवर आणलंत म्हणून. आणखी दहा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं." त्यांनी माझ्याकडं बघून आवाज मऊ केला. "बसा जरा. पाणी घ्या. पांढरे पडलायत."

"कुणी आणलं तिला?"

त्यांना वाटलं मी भ्रमिष्ट झालोय. रजिस्टर माझ्यापुढं फिरवलं. ताईबाई धोंडीबा, पिंपळी. आणणाऱ्याचं नाव, मुलगा, बुद्धभूषण, म्हणजे माझं कागदावरचं पूर्ण नाव. पुढं सही. सहीच्या शेवटी मी एक टिंब देतो, ते होतं. वेळ लिहिली होती बारा पंचवीस. भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाला होता.

"लुगड्याच्या गाठी सुटेनात," नर्स म्हणाल्या, "कात्रीनं कापावं लागलं. तुम्हीच म्हणालात, कापा." टेबलाखालच्या टोपलीत हिरवं लुगडं पडलं होतं, गाठीपाशी कापलेलं. माझ्या कमरेचं अजून माझ्या कमरेलाच होतं. मी त्यावर हात धरला आणि जिना चढलो.

आईच्या नाकाला नळी होती. झोपली होती. मी स्टूल ओढून बसलो. तासाभरानं करुणा कुणाच्या तरी जीपमधून आली. तिला बघून मला पहिल्यांदा हुंदका फुटला. मी कमरेचं लुगडं तिला दाखवलं नाही. तिनं ते बघितलं. माझ्याशेजारी न बसता ती खाटेच्या पलीकडं जाऊन बसली.

औषधं घेऊन कुणी आलं नाही. शेवटी करुणानं पुन्हा चिठ्ठी लिहून घेतली आणि खालून औषधं आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं डोळे उघडले. मी तिचा हात हातात घेतला. तो ऊबदार होता. जिवंत होती. मला एवढंच पुरे होतं, आणि मी विचारायला नको होतं.

"आई, तुला आठवतं का? रस्त्यातलं?"

"आठवतं की," ती म्हणाली. आवाज खोल गेला होता. तिची नजर छताकडं होती. "तू चालवत हुतास. मी तुझ्या पाठीला टेकले हुते. मी म्हनलं, हळू घे, तर तू हळू घेतलीस. म्हनलास, भिऊ नको आई, मी हाय."

मी तसं म्हणालो नव्हतो.

"दवाखान्यापतुर माझा हात सोडला न्हाईस. लेकरू हाय माझं." ती थांबली. "आन् मागनं ती येत हुती. लई जवळ. वरडत हुतं कुनीतरी. गुरुजी म्हनायचे मागं बगायचं न्हाय. पन मी म्हातारी झाले, मला आता काय. मी मान वळवली आन् बगितलं."

"कोण होतं, आई?"

आईनं मान माझ्याकडं वळवली. शुद्धीवर आल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं बघितलं, मग शर्टाकडं, मग कमरेच्या लुगड्याकडं. खूप वेळ. ती किंचाळली नाही. तिनं तिचा हात माझ्या हातातून हळूच काढून घेतला, एक एक बोट, आणि पांघरुणाखाली नेला.

मग पलीकडं बघून म्हणाली, "करुणा."

"काय आत्या?"

"खाली जाऊन बग की, बाय. भूषण औषधं घिऊन आला का?"

करुणा उठली. दारापाशी गेली, चौकटीला हात धरून थांबली आणि वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, हे काय इथंच आहेत. ती बाहेर पडली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली जात राहिला.

मी तिथंच बसून राहिलो. आई दाराकडं बघत होती. मीही दाराकडंच बघत होतो.